ठिगळ आणि रफू : पोटाच्या भिंतीच्या शिवणीचा इतिहास

मराठीत पोट 'सुटते'. बाळंतिणीचे पोट 'बांधतात'. कामाला लागताना माणूस कंबर 'कसतो'. ओझे उचलताना जांघेत अचानक गोळा आला, तर जुनी माणसे 'आतडं उतरलं' म्हणतात. हे शब्द ज्यांनी रुळवले त्यांनी शरीर उघडून पाहिले नव्हते. तरी त्यांच्या बोलण्यात पोट ही मांसाची थैली नाही, ती एक बांधणी आहे. ती आवळता येते, ढिली पडते आणि एखाद्या जागी उसवतेही. शरीररचनाशास्त्राला याच निष्कर्षावर यायला बराच काळ लागला.

छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे, मेंदूला कवटीची पेटी आहे. पोटाला समोरून मात्र हाडाचा आधार नाही. बरगड्यांच्या खालच्या कडेपासून ओटीच्या हाडापर्यंतची सगळी भिंत मऊ आहे. तिच्यामागे कित्येक हात लांबीची आतडी, जठर, यकृत आणि मूत्राशय आहेत. आपण खोकलो, शिंकलो, कुंथलो किंवा पोते उचलले की आतला दाब क्षणात वाढतो. तो पेलण्याचे काम स्नायू करतात असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. स्नायू ओढतात, पण ती ओढ जिथे जाऊन बांधलेली असते ती जागा पांढऱ्या, चिवट, तंतुमय पापुद्र्यांची आहे. शालेय पुस्तकात त्यांना संयोजी ऊती म्हणतात. शरीरशास्त्राच्या परिभाषेत पातळ आवरणांना प्रावरणी आणि रुंद, चपट्या, कंडरेसारख्या पापुद्र्यांना कंडराकला असे शब्द आहेत. खाटीक हे सारे टाकाऊ 'चामट' म्हणून बाजूला काढतो. शल्यवैद्य मात्र पोट बंद करताना या चामटालाच टाके घालतो, कारण नुसत्या स्नायूत घातलेला टाका लोण्यात घातल्यासारखा निसटतो.

मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावात हा विषय पुस्तकी नाही. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणाऱ्या या मुलखात माल शेतातून घरी, घरून बाजार समितीत आणि तिथून गोदामात जातो तो माणसाच्या पाठीवरून. धान्याचे पोते म्हणजे क्विंटल, हा हिशोब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला. पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नासवर आणा, ही हमालांच्या चळवळीची जुनी मागणी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने नेहमी उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा शिफारस म्हणून सांगितली होती. पोलीस किंवा सैन्यभरतीला गेलेल्या पोरांना डॉक्टर जांघेवर बोट ठेवून खोकायला सांगतात, ते याच भिंतीची परीक्षा घेण्यासाठी. धावण्यात पहिला आलेला मुलगाही तिथे बाद होऊ शकतो.

या भिंतीचे वर्णन करायला मला विणकामाखेरीज दुसरी भाषा सापडत नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन सपाट स्नायू एकावर एक पसरलेले आहेत. सर्वांत बाहेरच्याचे तंतू सदऱ्याच्या बाजूच्या खिशात हात घातल्यावर बोटे जातात तसे, खाली आणि मध्याकडे उतरतात. त्याखालच्याचे तंतू बहुतांशी त्याला काटकोनात, वर आणि मध्याकडे चढतात. सर्वांत आतल्याचे आडवे जातात. पोटाच्या पुढच्या भागात येईपर्यंत तिन्ही स्नायूंचे मांस संपते आणि फक्त पांढऱ्या कंडराकला उरतात. मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना उभ्या स्नायूंची एकेक पट्टी आहे. कंडराकला या पट्ट्यांभोवती म्यान तयार करतात आणि मध्यभागी डाव्या-उजव्या बाजूंचे तंतू एकमेकांत गुंततात. छातीच्या हाडाच्या टोकापासून खाली ओटीपर्यंत जाणारी ही गुंफण म्हणजे श्वेतरेषा. कैरोचे शल्यवैद्य अस्कर यांनी १९७७ साली दाखवले की, ही नुसती दोन बाजू शिवून केलेली शिवण नाही. तंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातात आणि श्वास घेताना, वाकताना, वळताना जाळीच्या चौकटीसारखे एकमेकांवर कोन बदलतात. बेंबी हे या विणीतले जन्मजात छिद्र, नाळ गेल्यावर बुजलेले.

भिंत सगळीकडे सारखी जाड नाही. बेंबीच्या थोडे खाली म्यानाची मागची बाजू एकदम विरळ होते, कारण तिथून पुढे तिन्ही कंडराकला उभ्या स्नायूंच्या समोरून जातात. जेम्स डग्लस या शरीरशास्त्रज्ञाने १७३० साली नोंदवलेली ती कमान आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याहून नाजूक जागा जांघेत आहे. पुरुषाची वृषणे गर्भावस्थेत पोटात तयार होतात आणि जन्माच्या सुमारास भिंतीला भेदून खाली उतरतात. त्यांच्या वाटेवर एक तिरकी नळी कायमची राहते. निसर्गाने तिच्यासाठी युक्तीही केली आहे. आतले स्नायू आकसले की त्यांची कमान पडद्यासारखी खाली येऊन ही वाट झाकते. पडदा नीट उतरला नाही किंवा त्यामागची प्रावरणी विरली, की आतड्याला वाट मिळते. हाच अंतर्गळ. मराठी विश्वकोशाने हा शब्द आपल्या पहिल्याच खंडात, १९७६ साली, घेतला आहे. बोलण्यात मात्र खेड्यापाड्यांतही 'हर्निया'च राहिला.

बायकांच्या पोटाची गोष्ट वेगळी आहे. गरोदरपणात श्वेतरेषा रुंदावते आणि उभ्या स्नायूंच्या पट्ट्या एकमेकींपासून दूर जातात. बाळंतपणानंतर जुन्या सुती लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळून पोट बांधण्याची आपली रीत या ढिल्या झालेल्या विणीला बाहेरून दिलेला आधार आहे. पट्टीने श्वेतरेषा जुळून येते असे नाही. पण दुखऱ्या पोटाने उठता-बसता येते, खोकता येते, आणि ओल्या बाळंतिणीला तेही पुष्कळ असते. आज सिझेरियननंतर दवाखान्यात मिळणारा वेल्क्रोचा पट्टा हा त्याच लुगड्याचा वंशज.

भारतीय वैद्यकाने या विणीकडे कसे पाहिले हे समजून घेताना आधी शब्दांची गुंतागुंत सोडवावी लागते. आज मराठीत 'स्नायू' म्हणजे मांसाचा, आकसणारा अवयव. सुश्रुतसंहितेत तसे नाही. तिथे मांसाला 'पेशी' म्हटले आहे आणि 'स्नायू' म्हणजे बांधणारी, चिवट, तंतुमय वस्तू, म्हणजे आपण आता ज्याला संयोजी ऊती म्हणतो त्याच्या जवळचे काहीतरी. पुढे 'पेशी' हा शब्द आपण सूक्ष्मदर्शकातल्या कणाला देऊन टाकला आणि 'स्नायू' मांसाला. त्यामुळे आजचा मराठी वाचक सुश्रुताचे शारीरस्थान वाचतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक ओळीत चुकीच्या घरात शिरतो. सुश्रुत पेशी पाचशे सांगतो आणि स्नायू नऊशे. त्यांतले दोनशे तीस धडात. आकड्यांशी भांडण्यात अर्थ नाही, पण बांधणारी द्रव्ये मांसाहून अधिक मोजावीत हे त्याच्या दृष्टीबद्दल बरेच सांगते. स्नायूंचे तो चार प्रकार करतो आणि त्यांतले रुंद, पसरट स्नायू बरगड्यांच्या बाजूला, छातीत, पाठीत आणि डोक्यावर ठेवतो. शरीराला तो फळ्यांच्या नावेची उपमा देतो. दोरांनी नीट बांधलेली नाव भार घेऊन पाण्यात तरते, तसा माणूस या बंधनांमुळे भार पेलतो, असा त्याचा आशय. स्नायू बिघडले तर हाडे, मांस, शिरा बिघडल्याहून जास्त घात होतो, असेही तो सांगतो. भिंत मांसाने नव्हे, बंधनाने उभी आहे, हे वाक्य सुश्रुताच्या तोंडी घालायला मला संकोच वाटत नाही.

अंतर्गळाचे त्याचे वर्णन मी जितक्यांदा वाचले, तितक्यांदा मला जानेफळच्या बाजारात पोती उतरवणारी माणसे डोळ्यांसमोर आली. कारणांत तो ओझे वाहणे, आपल्याहून बलवान माणसाशी झुंजणे आणि झाडावरून पडणे मोजतो. आतड्याचा एक भाग खाली जांघेच्या सांध्याशी येतो, गाठ होऊन राहतो, आणि दुर्लक्ष केले तर काही काळाने वृषणाच्या पिशवीत उतरतो. दाबले की आवाज करत वर जातो, सोडले की पुन्हा फुगतो. रुग्णाच्या जांघेवर हात ठेवल्याशिवाय हे लिहिता येत नाही. या 'अंत्रवृद्धी'ला तो असाध्य ठरवतो. मात्र आतडे पिशवीत उतरलेले नसेल, फक्त जांघेत असेल, तर अर्धचंद्राकार तोंडाच्या शलाकेने तिथे डाग द्यावा, असे चिकित्सास्थानात सांगतो. हा अघोरी उपाय वाटतो खरा. पण डागलेल्या जागी व्रण भरतो तो कठीण, तंतुमय ऊतीनेच. विरलेल्या जागी शरीराकडूनच नवे चामट तयार करवून घ्यायचे, हे तत्त्व पुढे अडीच हजार वर्षांनी नव्हे, पण पुष्कळ शतकांनी पुन्हा भेटणार होते. सुश्रुताला ते तत्त्व म्हणून ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. अलीकडे असे दावे फार स्वस्त झाले आहेत.

युरोपात या भिंतीचा एकेक पापुद्रा सोलून त्याला नाव देण्याचे काम अठराव्या शतकात जोरात चालले. त्वचेखालच्या चरबीच्या थराला डच शरीरशास्त्रज्ञ काम्परचे नाव मिळाले, त्याखालच्या तंतुमय थराला इटालियन स्कार्पाचे. १८०४ आणि १८०७ साली लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरने अंतर्गळावरचे आपले मोठे ग्रंथ छापले आणि सर्वांत आतल्या प्रावरणीचे महत्त्व दाखवून दिले. कुठे फाटले आहे हे कळले, शिवायचे कसे हे मात्र कळले नव्हते. भूल आणि जंतुनाशन आल्यावरही शिवलेले पोट पुन्हा फाटे.

शिवण जमवली एदोआर्दो बास्सिनीने. हा तरुणपणी गॅरिबाल्डीच्या सैन्यात होता. १८६७ साली त्याला जांघेपाशी संगिनीचा वार बसला आणि आतड्यातला मळ कित्येक महिने त्या जखमेतून झिरपत राहिला. ज्या भागाचा तो पुढे जगातला पहिला जाणकार झाला, तो भाग त्याने आधी स्वतःच्या अंगावर अनुभवला होता. पादुआला १८८४ च्या नाताळच्या आसपास त्याने आपली पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८८९ साली अडीचशेहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशोब छापला. त्याची युक्ती अशी की, नळीची मागची भिंत नव्याने उभारायची. वरच्या स्नायूंची कमान खाली ओढून जांघेच्या अस्थिबंधाला टाक्यांनी जखडायची. पुढची शंभर वर्षे जगभर, आपल्या जिल्हा रुग्णालयांतही, याच पद्धतीची कमी-अधिक बिघडलेली रूपे चालली.

या पद्धतीत एक मूळचा दोष होता, आणि तो कोणत्याही घरातल्या बाईने ओळखला असता. जुने लुगडे फाटले आणि फाटक्या कडा ओढून एकत्र शिवल्या, तर शिवण टिकते आणि शेजारचे कापड फाटते. ताणून घातलेला टाका उभ्या-उभ्या कापत जातो. पोटात तर ताण प्रत्येक खोकल्याला येतो. त्यावर दोनच उपाय आहेत. एक, वरून नवे कापड लावायचे, म्हणजे ठिगळ. दुसरा, त्याच कापडाच्या दुमडीतून धागा काढून विरलेली जागा भरायची, म्हणजे रफू. विसाव्या शतकातला अंतर्गळाचा सारा इतिहास या दोन उपायांमध्ये हेलकावे घेतो.

रफूचा मोठा प्रयोग टोरांटोच्या गॅली आणि ले मेझुरियर यांनी १९२१ साली मांडला. मांडीच्या प्रावरणीच्या पट्ट्या काढून त्यांनी त्या जिवंत धाग्यासारख्या जांघेत विणल्या. ठिगळवाल्यांनी चांदीच्या तारांच्या जाळ्या वापरून पाहिल्या, पुढे टँटलम धातूच्या. धातू कालांतराने तुटे आणि टोचे. प्रावरणीइतके घट्ट आणि चिवट द्रव्य कृत्रिम रीतीने बनवता आले, तर अंतर्गळाचे रहस्य उलगडेल, असे व्हिएन्नाचे बिलरोथ एकोणिसाव्या शतकातच म्हणाल्याचे सांगतात. ते द्रव्य पेट्रोलियमच्या कारखान्यातून आले. ह्यूस्टनचे फ्रान्सिस अशर यांनी १९५८ साली प्लास्टिकच्या धाग्याची विणलेली जाळी वापरल्याचे प्रसिद्ध केले. जाळी स्वतः भिंत होत नाही. तिच्या छिद्रांतून शरीर आपले तंतू विणते आणि व्रणाच्या ऊतीचा एक जाड पापुद्रा तयार होतो. सुश्रुताच्या शलाकेने जे जाळून साधले असेल, ते इथे न जाळता साधले. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लिकटेन्स्टाइन यांनी ही जाळी अजिबात न ताणता सैल अंथरायची पद्धत रूढ केली, आणि अंतर्गळ पुन्हा उलटण्याचे प्रमाण झपाट्याने घटले.

इथे प्रश्न सुटायला हवा होता. श्रीमंत देशांत तो बराच सुटला. आपल्याकडे जाळीचे पाकीट परदेशातून येई आणि त्याची किंमत शेतमजुराच्या आवाक्याबाहेर असे. मग खेड्यातला शल्यवैद्य काय करी? जुनी बास्सिनी पद्धत, ताणलेला टाका, आणि काही वर्षांनी तोच रुग्ण पुन्हा दारात.

धुळे जिल्ह्यातले दोंडाईचा हे मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव. तिथे रुग्णालय चालवणाऱ्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी आणि त्यांच्या ग्रामीण शल्यवैद्य सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला. जाळी म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याची, बारीक छिद्रांची वीण. मग बाजारात मीटरवर मिळणारे मच्छरदाणीचे कापड तसेच नाही का? त्यांनी निवडलेले कापड पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्र बहुवारिकाचे होते, म्हणजे विकतच्या जाळीच्या अगदी नात्यातले. ते कापून, धुऊन, निर्जंतुक करून वापरायचे. २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त टोणगावकर, रेड्डी, मेहता, सिंग आणि शिवदे या पाच जणांच्या नावाने अहवाल आला. वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या साडेतीनशेहून अधिक शस्त्रक्रियांचा तो हिशोब होता. जखमा चिघळण्याचे आणि अंतर्गळ उलटण्याचे प्रमाण महागड्या जाळीहून चिंताजनक असे काही दिसले नाही.

यावर नाक मुरडणारे होतेच. त्यांच्या आक्षेपातला एक भाग मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. गरिबाच्या पोटात मच्छरदाणी आणि श्रीमंताच्या पोटात पाकिटबंद जाळी, ही दोन प्रतींची वैद्यकसेवा नाही का? या प्रश्नाचे उत्तर भावनेने देता येत नाही, मोजून द्यावे लागते. आणि मोजणी झाली. ब्रिटिश शल्यवैद्य अँड्र्यू किंग्सनॉर्थ यांच्या 'ऑपरेशन हर्निया' या मोहिमेने ही कल्पना आफ्रिकेत नेली. २०११ साली स्टीफन्सन आणि किंग्सनॉर्थ यांनी कापड निर्जंतुक करण्याचा प्रश्न तपासला. हे कापड १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत टिकते, त्याहून जास्त उष्णतेच्या नेहमीच्या चक्रात आकसते. म्हणजे कोणतीही मच्छरदाणी कशीही उकळून चालणार नाही. कीटकनाशक लावलेली तर मुळीच नाही. मग २०१६ च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये युगांडातल्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्वीडनच्या येनी ल्योफग्रेन आणि युगांडातले त्यांचे सहकारी यांनी ३०२ पुरुषांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. एका गटाला मच्छरदाणीचे कापड, दुसऱ्याला विकतची जाळी. कोणाच्या पोटात काय आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते. वर्षभराने पाहिले तर पहिल्या गटात एकाचा अंतर्गळ उलटला होता, दुसऱ्यात एकाचाही नाही. इतर त्रास दोन्ही गटांत जवळजवळ सारखा, दर शंभरात तीसच्या आसपास. कापडाची किंमत सुमारे एक डॉलर, जाळीची सव्वाशे डॉलर. दोन प्रतींच्या सेवेचा आक्षेप या आकड्यांपुढे बराच मवाळ होतो. पुरता मावळतो असे नाही, कारण तपासलेले कापड आणि परीटघडीची मच्छरदाणी यांच्यातला फरक सांभाळायला कोणीतरी लागतेच.

रफूची वाट पुण्यातून निघाली. डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली दोन परदेशी नियतकालिकांत आपली पद्धत मांडली. त्यांतल्या एका लेखात ४०० रुग्णांचा अनुभव होता. २००६ साली हा आकडा ८६० वर गेला. त्यांची हरकत जाळीच्या किमतीला होतीच, पण त्याहून तिच्या निर्जीवपणाला होती. त्यांचे म्हणणे असे की, निरोगी माणसात नळीची मागची भिंत हलती असते. स्नायू आकसला की ती ताठते, सैल पडला की सैलावते. अंतर्गळात ती मुकी होते. जाळीने भोक बुजते, पण भिंत मुकीच राहते. म्हणून त्यांनी सर्वांत बाहेरच्या स्नायूच्या कंडराकलेतून सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी चिरली. ती कापून वेगळी काढली नाही. दोन्ही टोके जागच्या जागी जोडलेली ठेवली. पट्टीची एक कड जांघेच्या अस्थिबंधाला शिवली, दुसरी आतल्या स्नायूंच्या कमानीला. त्यामुळे जांघेला जिवंत, रक्त पोचणारी, स्नायूच्या ओढीने ताठ होणारी नवी भिंत मिळाली. बाहेरचे काहीही आत ठेवायचे नाही, फक्त टाके. रफूगार कापडाच्या दुमडीतला धागा काढतो तसे.

पोलंडमध्ये शोपिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत जाळीच्या पद्धतीशी समोरासमोर तोलली. २०८ पुरुष, तीन वर्षांचा पाठपुरावा. निष्कर्ष २०१२ साली छापले गेले. दोन्ही गटांत अंतर्गळ दोघा-दोघांचाच उलटला. पुण्याच्या एका शल्यवैद्याने आपल्याच रुग्णांवर घडवलेली युक्ती परक्या हातांतही टिकते, हे त्यातून दिसले. तरी २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पहिली पसंती जाळीलाच दिली आणि जाळीविना करायचे तर टोरांटोच्या शोल्डाइस पद्धतीकडे बोट दाखवले. देसरडा पद्धतीच्या बाजूने आणखी पुरावा हवा, असा एकूण सूर. मला हा सूर अन्याय्य वाटत नाही. पण जाळी बसवलेल्यांपैकी काहींच्या जांघेत कायमचा दुखावा राहतो, हेही त्याच सूचना मान्य करतात, आणि रफूची गरज तिथेच जागी राहते.

या वादाचा निकाल शेवटी कापडाच्या जातीवर जातो असे मला वाटते. १९७० साली अमेरिकेतल्या रेमंड रीड यांनी अंतर्गळाच्या रुग्णांच्या उभ्या स्नायूंच्या म्यानाचे तुकडे काढून वजन केले. निरोगी माणसांपेक्षा ते हलके भरले. म्हणजे जांघ फाटते तेव्हा पुष्कळदा केवळ जांघ विरलेली नसते, सगळे कापडच विरळ झालेले असते. प्रावरणीचा ताकदीचा धागा म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. ते शरीरात एकदाच बनून संपत नाही, सतत उसवते आणि सतत विणले जाते. अठराव्या शतकात कमोडोर अ‍ॅन्सनच्या जलप्रवासात क जीवनसत्त्वाच्या अभावाने खलाशी मरू लागले, तेव्हा एका माणसाच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या बऱ्या झालेल्या जखमा पुन्हा उघडल्या, अशी नोंद त्या प्रवासाच्या वृत्तांतात आहे. भरलेली जखमही रोज नव्याने धरून ठेवावी लागते, त्याचा हा पुरावा. रीड यांनी पुढे बोट ठेवले ते तंबाखूच्या धुरावर. धूर फुप्फुसाचे तंतू खातो तसाच या म्यानाचेही. विडी आधी भिंत विरळ करते, मग खोकल्याने तिच्यावर घण घालते.

ओझ्याला सगळा दोष देणे सोपे आहे. सुश्रुतानेही तो दिला. पण तेच पोते उचलणाऱ्या दहा हमालांपैकी एकालाच अंतर्गळ होतो. जन्मतः न बुजलेली वाट, विरळ कोलॅजेन, विडी, खोकला आणि बद्धकोष्ठ यांच्या जोडीला ओझे येते. ते भोक पाडते त्याहून अधिक, असलेले भोक उघड करते. म्हणूनच रफूवाल्यांना सतावणारा प्रश्न अवघड आहे. धागा त्याच कापडातून काढायचा, आणि कापडच विरलेले असेल तर? पातळ, फाटीर कंडराकला असलेल्या रुग्णात ही पट्टी घेता येत नाही. वयस्कर, दमेकरी, आयुष्यभर विडी ओढलेल्या माणसाला ठिगळच बरे. तरुण, धट्टाकट्टा, चांगल्या विणीचा मुलगा असेल, तर त्याच्या अंगात पन्नास वर्षे प्लास्टिक ठेवण्याआधी दोनदा विचार करायला हरकत नाही. दोंडाईचा आणि पुणे इथली उत्तरे परस्परविरोधी दिसतात, पण ती दोन वेगळ्या कापडांची आहेत.

राहतो प्रश्न दिवसांचा. शल्यवैद्याला रुग्ण जाळी कुठल्या कंपनीची हे विचारत नाही, तो 'पोतं कधी उचलू?' असे विचारतो. १९५२ साली ब्रिटनमध्ये डेव्हिड डग्लस यांनी सशांच्या कंडराकलेवर चीर देऊन ती भरताना तिची ताकद मोजली. पन्नास दिवसांनी ती मूळच्या निम्म्यावर आली आणि वर्ष उलटले तरी ऐंशी टक्क्यांच्या आसपासच राहिली. हा हिशोब जानेफळच्या पंचांगात मांडू. पाडव्याला टाके पडलेल्या मजुराची नुसत्या टाक्यांवरची भिंत मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात कशीबशी अर्ध्या ताकदीला येते. कापसाची वेचणी तोवर अर्ध्यावर सरते आणि तुरीच्या शेंगा वाळू लागतात. सैल अंथरलेल्या ठिगळाने टाक्यांवरचा ताण आधीच काढून घेतलेला असतो, म्हणून अशा रुग्णाला हल्ली काही दिवसांतच हलकी कामे करू देतात. एक डॉलरच्या कापडाची खरी किंमत त्या वाचलेल्या रोजंदारीत मोजावी लागते, आणि ते गणित दोंडाईच्याच्या त्या पाच जणांच्या लेखात कुठे कोष्टक म्हणून नसले, तरी लेखामागे तेच होते.